इजिप्तची चित्रलिपी वाचायला शिकताना: वहीपासून शिलालेखापर्यंत

इजिप्तच्या शिलालेखात घुबड दिसलं, तर तिथे बहुतेक वेळा घुबडाचा काहीही संबंध नसतो. ते घुबड म्हणजे 'म'. पाण्याची लाट म्हणजे 'न', तोंड म्हणजे 'र'. एवढी साधी गोष्ट जगाच्या विस्मरणात गेली आणि १८२२ सालापर्यंत तिथेच राहिली. मधल्या काळात विद्वानांनी या चित्रांमधून गूढ तत्त्वज्ञान काढण्याचा सपाटा लावला होता. पाचव्या शतकातल्या होरापोलो नावाच्या लेखकाने प्रत्येक चित्रामागे एक रूपक असल्याचं सांगितलं. सतराव्या शतकात अथानासियस किर्चर या जेसुइट पंडिताने त्याच वाटेने जात ओबेलिस्कांवरच्या (उंच, निमुळत्या दगडी खांबांवरच्या) साध्या राजनामांची लांबलचक आध्यात्मिक भाषांतरं केली. गंमत म्हणजे कॉप्टिक भाषा ही जुन्या इजिप्शियनचीच लेक आहे, हे याच किर्चरने बरोबर ओळखलं होतं.

तेव्हा शिकायला बसताना पहिला नियम असा, की चित्राचा अर्थ शोधायचा नाही, त्याचा आवाज विचारायचा. बाकी सगळं यातून हळूहळू उलगडतं. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन महिन्यांत संग्रहालयातल्या एखाद्या साध्या शिळेवरच्या ओळी तुम्ही वाचू लागाल. सगळी भाषा येणार नाही, ते वर्षांचं काम आहे. पण काचेपुढे उभं राहून 'हा राजा कोण, हा देव कोणता, मेलेल्या माणसाचं नाव काय' एवढं कळेल.

पायरी पहिली: कोणती लिपी शिकायची ते ठरवा

इजिप्तमध्ये एक भाषा होती आणि ती लिहायच्या रीती अनेक. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत, कारण आपल्याकडे बाळबोध आणि मोडी होतीच. पोथी बाळबोधात, दफ्तर मोडीत. इजिप्तमध्ये देवळाच्या भिंतीवर आणि थडग्यात कोरायची ती चित्रलिपी. ते लोक तिला 'मेदू नेचेर' म्हणत, म्हणजे देवाचे शब्द. तिचे अगदी सुरुवातीचे नमुने ॲबिडोस इथल्या एका थडग्यातल्या छोट्या हस्तिदंती-हाडाच्या चिठ्ठ्यांवर सापडले, काळ साधारण इ.स.पूर्व ३२००. हिशेब, पत्रं, औषधांच्या पोथ्या, गोष्टी हे सगळं मात्र हायरॅटिक लिपीत. ती पपायरसवर (पाणगवतापासून केलेल्या कागदावर) किंवा चुनखडीच्या कपच्यांवर शाईने, भरभर, नेहमी उजवीकडून डावीकडे लिहीत. तिच्यातलं प्रत्येक अक्षर मूळ चित्राचंच धावतं रूप असतं. आज अभ्यासक हायरॅटिक मजकूर हाती घेतात तेव्हा आधी त्याचं चित्रलिपीत लिप्यंतर करतात आणि मग वाचतात, अगदी मोडी वाचक करतो तसं.

इ.स.पूर्व ६५०च्या सुमाराला हायरॅटिकहून आणखी आखूड, आणखी वळणदार डेमॉटिक आली. करारमदार, कर, लग्नाचे लेख यांची ती लिपी. आणि शेवटी ख्रिस्ती काळात कॉप्टिक: ग्रीकची २४ अक्षरं आणि ग्रीकमध्ये नसलेल्या आवाजांसाठी डेमॉटिकमधून उचललेली सहा-सात. इजिप्तच्या कॉप्टिक चर्चमध्ये प्रार्थनेपुरती ती आजही ऐकू येते.

नवशिक्याने चित्रलिपीच घ्यावी. इजिप्तच्या शाळेत मात्र मुलं आधी हायरॅटिक शिकत. पण त्यांना भाषा येत होती, आपल्याला येत नाही. डेमॉटिकच्या वाटेला पहिल्या वर्षात जाऊच नका, चांगले चांगले हात टेकतात.

पायरी दुसरी: ओळ कुठून सुरू होते ते पाहा

ही लिपी डावीकडूनही लिहितात, उजवीकडूनही, आणि वरून खाली रकान्यांतही. दरवाजाच्या दोन बाजूंना आरशातल्यासारखे समोरासमोर लेख कोरायची इजिप्शियन कारागिरांना भारी हौस. ओळखायची खूण सोपी आहे. माणसं, पक्षी, प्राणी यांचे चेहरे ओळीच्या सुरुवातीकडे वळलेले असतात. म्हणजे त्यांच्या तोंडाकडून आत शिरायचं, पाठीमागून नाही. घुबडाचा चेहरा तेवढा समोर असतो, त्याचं अंग कुठे वळलंय ते बघा.

चिन्हं एकामागे एक सरळ रांगेत नसतात. अदृश्य चौकोनांत ती नीट बसवलेली असतात: उंच चिन्हाला पूर्ण चौकोन, चपटी दोन चिन्हं एकावर एक. चौकोनाच्या आत आधी वरचं, मग खालचं. सुरुवातीला मी एका छायाचित्रातली ओळ तासभर वाचत बसलो होतो, पुढे कळलं की छापताना चित्रच उलटं झालं होतं. वाचून झालं नसतं असं नाही, या लिपीत उलटी ओळही कायदेशीरच. पण मूळ भिंतीवर ती दुसऱ्या बाजूने होती.

पायरी तिसरी: चोवीस चिन्हं हाताने गिरवा

एका व्यंजनाची चिन्हं साधारण चोवीस. स्वर लिहितच नसत. एका आठवड्यात रोज चार याप्रमाणे ती होतात, पण डोळ्यांनी नाही, पेन्सिलने. सुबक चित्र काढायची गरज नाही, ओळखू येईल एवढं पुरे.

पांढरं गिधाड म्हणजे घशात आवाज अडवून काढलेला 'अ' (हे गिधाड आपल्या माळरानांवरही दिसतं). लव्हाळ्याचं एक पातं म्हणजे 'इ', दोन पाती शेजारी आली की 'य'. कोपरापासून पुढचा हात म्हणजे अरबीतला 'ऐन'. लाव्याचं पिल्लू 'व' किंवा 'उ'. पाऊल 'ब', चौकोनी बैठक 'प', दोन शिंगांचा साप 'फ', घुबड 'म', पाणी 'न', तोंड 'र'. मग चार प्रकारचे ह-ख: अंगणाचा आराखडा म्हणजे आपला साधा 'ह', तिपेडी वळलेली वात म्हणजे घशातला जोरकस 'ह', आडव्या रेघांचं वर्तुळ म्हणजे उर्दूतल्या 'ख़बर'मधला 'ख़', आणि प्राण्याचं पोट म्हणजे त्याचाच एक सौम्य भाऊ. कडी आणि घडी घातलेलं कापड, दोन्ही 'स'. हौद 'श'. टेकडीचा उतार म्हणजे घशातला 'क़', कान असलेली टोपली साधा 'क', घडवंची 'ग'. अर्धगोल पाव 'त', दावं म्हणजे 'च'. हाताचा पंजा 'द', नाग 'ज'.

वहीत उच्चार लिहायला देवनागरी छान चालते. रोमन लिपीत 'श', 'च', 'ज' यांना वर-खाली रेघा आणि टोप्या घालाव्या लागतात, आपल्याला सरळ अक्षर आहे. फक्त घशातल्या 'ह'खाली एक टिंब द्या. स्वर माहीत नसल्यामुळे अभ्यासक सोयीसाठी मध्ये 'ए' घालतात: न-फ-र चं 'नेफेर'. फॅरोंच्या, म्हणजे इजिप्तच्या राजांच्या काळात कोणी 'नेफेर' म्हणत नसावं. त्याच शब्दाचं कॉप्टिक रूप 'नूफे' आहे.

काही जोड्या फसव्या आहेत, त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कान असलेली टोपली 'क', पण बिनकानाची टोपली म्हणजे 'नेब', स्वामी. पाकोळी आणि चिमणी तर जवळजवळ सारख्या. शेपटी दुभंगलेली असली तर पाकोळी, ती 'वेर' म्हणजे मोठा. शेपटी गोल असली तर चिमणी. तिचा उच्चार नाही, ती शब्दाच्या शेवटी बसून सांगते की हा शब्द लहान किंवा वाईट गोष्टीचा आहे. थोर माणूस क्षुद्र व्हायला एका शेपटीचा फरक पुरतो!

चोवीस झाली की स्वतःचं नाव लिहा. 'रमेश': तोंड, घुबड, हौद, आणि शेवटी बसलेला पुरुष. 'सुमन': घडीचं कापड, लाव्याचं पिल्लू, घुबड, पाणी, आणि बसलेली बाई. इजिप्तच्या बाजारात पर्यटकांना असंच नाव लॉकेटवर करून देतात. तिथे शेवटची बाई किंवा पुरुष अनेकदा विसरलेला असतो, आणि तोच तर या लिपीचा खरा मसाला.

पायरी चौथी: एकाच चिन्हाची तीन कामं

इथे बरेच जण शिकणं सोडतात, म्हणून जरा थांबतो.

पहिलं काम आवाजाचं. एका व्यंजनाच्या चिन्हांखेरीज दोन आणि तीन व्यंजनांची चिन्हंही आहेत. घराचा आराखडा 'पर', सोंगट्यांचा पट 'मन', शेण वाहणारा भुंगा 'ख़पर', हृदय-श्वासनलिका 'नफर'. आता लेखनिक काय करतो, तर 'नफर'चं चिन्ह काढून त्याच्यापुढे पुन्हा साप (फ) आणि तोंड (र) काढतो. नवशिक्या वाचतो 'नफरफर'. चूक. पुढचे फ आणि र हे वाचकाच्या सोयीचे आहेत, 'हो, बरोबर वाचतोयस' असं सांगणारे. शब्द 'नेफेर'च, अर्थ सुंदर, चांगला.

दुसरं काम थेट अर्थाचं. चिन्हाखाली एक उभी रेघ असेल तर ते चित्र म्हणजे बहुतेक तीच वस्तू. घराचा आराखडा आणि रेघ: 'पेर', घर.

तिसरं काम मुक्याचं. शब्दाच्या शेवटी येणारं हे चिन्ह उच्चारायचं नाही, ते फक्त शब्दाची जात सांगतं. घर, तोंड आणि चालणारे पाय: उच्चार 'पेर'सारखाच, पण पायांमुळे अर्थ झाला 'बाहेर पडणे'. लेखनिकाचं सामान, म्हणजे शाईची पाटी, थैली आणि लेखणीची नळी एकत्र बांधलेली, हे 'सेश'चं चिन्ह. त्याच्यापुढे बसलेला माणूस आला तर 'लेखनिक', पपायरसची गुंडाळी आली तर 'लेखन'. स्वर नसलेल्या आणि शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या लिपीत ही मुकी चिन्हं म्हणजे वरदान आहे, कारण ती शब्द कुठे संपतो तेही सांगतात. नेहमीची पाठ करा: तोंडाशी हात नेलेला माणूस (खाणं, बोलणं, विचार, भावना), बांधलेली गुंडाळी (अमूर्त कल्पना), आत रस्त्यांची फुली असलेलं वर्तुळ (गाव), तीन टेकड्या (परदेश), काठी उगारलेला माणूस (जोर, मारहाण).

आता एक शब्द स्वतः सोडवा: घराचा आराखडा आणि त्याच्या शेजारी लाकडी खांब. खांबाचा आवाज 'आ', अर्थ मोठा. 'पेर-आ', मोठं घर. आधी हा शब्द राजवाड्यासाठी होता, पुढे वाड्यातल्या माणसासाठी रुळला आणि जगाने त्याचा 'फॅरो' केला. 'वाड्यावरून बोलावणं आलंय' हे ज्यांनी ऐकलंय त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

पायरी पाचवी: कार्तूश फोडा

दोरीच्या लांबट वेढ्यात राजाचं नाव असतं, तो कार्तूश. सरावाला याच्यासारखं काही नाही, कारण उत्तर आधीच माहीत असतं. ही लिपी उलगडणाऱ्या फ्रान्सच्या शाँपोलियॉनचं काम पुढे सरकलं ते इथूनच. १७९९ साली नाईलच्या मुखाजवळच्या रशीद गावी फ्रेंच सैनिकांना सापडलेल्या रोझेटा शिळेवर इ.स.पूर्व १९६चा एकच हुकूम चित्रलिपी, डेमॉटिक आणि ग्रीक अशा तीन रूपांत होता. इंग्रज विद्वान टॉमस यंग यांनी कार्तूशात राजाचं नाव असल्याचं धरून काही अक्षरं लावली होती. रोझेटावरच्या टॉलेमीच्या नावात प पहिला, त दुसरा, ओ तिसरा, ल चौथा. फिले बेटावरच्या एका ओबेलिस्कावर क्लिओपात्राचा कार्तूश होता (ही प्रसिद्ध क्लिओपात्रा नव्हे, तिच्या आधीची). त्यात सिंह म्हणजे ल दुसरा, दोरीचा फास म्हणजे ओ चौथा, बैठक म्हणजे प पाचवा. तिन्ही चिन्हं हव्या त्याच जागी निघाली. गिधाड सहाव्या आणि नवव्या जागी, दोन्हीकडे 'अ'. अडचण एकच: टॉलेमीत 'त'ला पाव आणि इथे पंजा. एका आवाजाला दोन चिन्हं असू शकतात, हे शाँपोलियॉनने ओळखलं. दोन्ही कार्तूश कागदावर काढून हा ताळा स्वतः करून पाहा, वाचून ती मजा येत नाही.

पण टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही ग्रीक नावं. अस्सल इजिप्शियन नावंही तशीच वाचता येतात का? अबू सिंबेलच्या देवळातल्या एका कार्तूशात सूर्याचं वर्तुळ, मग 'मस'चं चिन्ह, मग दोनदा 'स' होता. शाँपोलियॉनला कॉप्टिक येत होती, तिच्यात सूर्य म्हणजे 'रे'. रे-मस-स-स. रामसेस! २७ सप्टेंबर १८२२ रोजी पॅरिसच्या अकादमीपुढे त्याचं पत्र वाचलं गेलं.

आता तुमची पाळी. तूतानखामूनच्या एका कार्तूशात वर सूर्य, खाली भुंगा, त्याखाली तीन रेघा, तळाला बिनकानाची टोपली. चिन्हांच्या क्रमाने 'रा-ख़ेपेरू-नेब' होतं, पण वाचायचं 'नेब-ख़ेपेरू-रा', म्हणजे 'रूपांचा स्वामी रा' (रा हा सूर्यदेव). देवाचं नाव उच्चारात कुठेही असो, लिहिताना मानाने पुढे. आपल्या लग्नपत्रिकेत वधूवरांच्या आधी कुलदैवत येतं, तसंच. तीन रेघा म्हणजे अनेकवचन. दुसऱ्या कार्तूशातही पातं, सोंगट्यांचा पट आणि पाणी मिळून 'अमून' वर बसलाय, मग पाव-पिल्लू-पाव 'तूत', मग 'आंख', जीवन. वाचायचं 'तूत-आंख-अमून'.

सूर्य, पट आणि भुंगा एवढंच दिसलं, तर तो 'मेन-ख़ेपेर-रा', तिसरा थुतमोस. भुंग्याच्या आकाराच्या ताविजांवर हे नाव इतकं आढळतं की पहिल्यांदा वाचता येणारं नाव बहुतेकांच्या बाबतीत हेच असतं.

व्याकरण: सध्या एवढंच

स्त्रीलिंगी शब्दाच्या शेवटी 'त', म्हणजे पाव. विशेषण नामानंतर येतं: 'नेचेर आ', देव थोर. क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला, मग कर्ता, मग कर्म. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इथे आधी, त्याची हळूहळू सवय होते. संस्कृतसारखं द्विवचन आहे. सर्वनाम शब्दाला शेपटीसारखं चिकटतं: घर, रेघ आणि शिंगांचा साप म्हणजे 'पेर-एफ', त्याचं घर. बाकी पुढे.

पायरी सहावी: नैवेद्याची शिळा

जगातल्या बहुतेक इजिप्शियन संग्रहांत मृताच्या नावाची शिळा किंवा पेटी असते आणि तिच्यावर एकच ठरीव मजकूर, शतकानुशतकं थोड्याफार फरकाने. हा पाठ केला की तुम्ही संग्रहालयात निराधार राहत नाही.

सुरुवातीला लव्हाळ्यासारखं रोप आणि पाव (राजा), चटईवरचा पाव (हेतेप, नैवेद्य), आणि निमुळता पाव (दी, देणे). राजा मानाने पुढे लिहिलाय, वाचायचं 'हेतेप दी नेसू': राजाने देवाला दिलेला नैवेद्य. मग देवाचं नाव, बहुतेकदा सिंहासन आणि डोळा, पुढे बसलेला देव: ओसायरिस. त्याच्या पदव्या: टोपली, म्हणजे स्वामी, आणि पुढे गावाच्या वर्तुळासह जेदू किंवा ॲबिडोस. मग ध्वज आणि खांब, 'नेचेर आ', थोर देव.

पुढे 'दी-एफ', त्याने द्यावं: निमुळता पाव आणि साप. काय द्यावं? घर, वल्हं, पाव आणि बियरचा घडा मिळून 'पेरेत-ख़ेरू', शब्दशः आवाजाचं बाहेर पडणं, म्हणजे उच्चारून दिलेला नैवेद्य. मग यादी, आणि ती चित्रांतूनच कळते: पाव, बियर, बैलाचं डोकं, पक्ष्याचं डोकं, अलाबास्टर या पांढऱ्या दगडाचं भांडं, कापड. मध्येच कमळाचं रोप आलं तर ते हजार. १ म्हणजे रेघ, १० म्हणजे उलट्या इंग्रजी यू-सारखी कमान, १०० म्हणजे दोरीचं वेटोळं.

यादी संपली की पाणी, वर उचललेले दोन हात, पाणी: 'एन का एन', अमक्याच्या 'का'साठी, म्हणजे प्राणशक्तीसाठी. इथून पुढे डोळे उघडे ठेवा, कारण हुद्दा आणि नाव इथेच येतं. नावाच्या मागे 'मा-ख़ेरू' असतं, सत्य वाणीचा, म्हणजे परलोकातल्या न्यायात खरा ठरलेला. आपण 'कै.' नावाआधी लावतो, ते मागून लावत.

सराव कुठे करायचा

ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन यांच्या संकेतस्थळांवर शिळांची मोठी छायाचित्रं फुकट आहेत, सोबतचा अनुवाद झाकून वाचा. चिन्ह शोधायला ॲलन गार्डिनर यांची सूची वापरतात. तिचे २६ गट आहेत: 'ए' पुरुष, 'डी' शरीराचे अवयव, 'जी' पक्षी, अशी वर्गवारी. घुबड म्हणजे जी-१७, तोंड डी-२१. २००९ साली युनिकोडमध्ये १०७१ चिन्हं आली, त्यामुळे ती संगणकावर थेट टंकता येतात, आणि चौकोनांत नीट मांडायला 'जेसेश' हा मोफत संपादक आहे. शब्दांसाठी 'थिसॉरस लिंग्वे इजिप्तिए' हा जर्मनीतला ऑनलाइन कोश. प्रत्यक्ष वस्तू जवळ हवी असेल तर सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याच्या संग्रहालयात ममी आहे, मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येतं.

काही शिळांवर जाणाऱ्या-येणाऱ्यांना उद्देशून एक ओळ असते: थडग्याजवळून जाणाऱ्या जिवंत लोकांनो, 'हजार पाव, हजार घडे बियर' एवढं म्हणा, तुम्हाला नुसता तोंडातला श्वास खर्चायचाय. इतकी चिन्हं शिकून तिथवर पोचलात तर तेवढं मोठ्याने म्हणा. स्वर चुकतील. व्यंजनं बरोबर असतील.